गोडा कुडा

अंबरनाथ एमआयडीसीतल्या लॅबमध्ये कुड्याच्या सालीतून जंतू मारणारं द्रव्य वेगळं काढलं ते मी. साल दळायची, भिजवायची, अर्क आटवायचा, मग काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब उतरवायचा. वासाने डोकं उठायचं. शेवटी एका अर्काने बशीतले जंतू मारून त्यांच्यामध्ये स्वच्छ गोल पाडला, तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले होते.

त्यावरचा रिसर्च पेपर छापून आला. त्यात आमच्या सरांचं नाव होतं, सरांच्या मेव्हण्याचं होतं. माझं नव्हतं.

"अगं बेटा, नावं जास्त झाली. नेक्स्ट टाइम ॲडजस्ट करू," सर म्हणाले.

मेव्हण्याने कुड्याचं झाड उभ्या जन्मात पाहिलं नसेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर पुढची मजा बघायला कोण राहिलं असतं?

साल माझी आई पाठवायची, बदलापूरच्या पुढे, बारवीच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावरून. मी सरांना सांगितलं, आईचे गुडघे गेले, आता जमणार नाही. गुडघे ठणठणीत होते. मग सरांनी उल्हासनगरच्या जडीबुटीवाल्याकडून पोतं मागवलं.

कुडे दोन. औषधाचा कडूजहर. दुसरा तसाच दिसतो, पण कडू नाही, म्हणून त्याला गोडा म्हणतात. आमच्याकडे साल काढताना पोरीबाळीही आधी तुकडा जिभेला लावतात. पोतं उघडलं त्या दिवशीच मी लावला होता. गोडा. मी गुपचूप पोतं बांधून ठेवलं.

मग सर घामाघूम. नवी रसायनं आणली, नळी बदलली, जंतूसुद्धा नवे मागवले. बश्या नुसत्या जंतूंनी भरून यायच्या, गोलाचा पत्ता नाही. मला इतकं बरं वाटायचं की दुपारचा डबा दोन घास जास्त जायचा.

आमच्या कंपनीचे मालक स्वतः प्रयोग बघायला येणार म्हटल्यावर सरांनी सालीचा तुकडा माझ्यासमोर धरला.

"तू डोंगरातली. जरा बघ ना, साल बरोबर आहे ना?"

मी तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यांच्याच हातात परत ठेवला.

"मेव्हण्यांना विचारा ना, सर," मी म्हणाले. "पेपरात त्यांचं नाव आहे."