मोरूची तिसरी सुई

मोरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठी पातळ खिचडी डब्यात भरत होते. सहा आठवडे झाले… तो डबा घासून ठेवला आहे, पण वापरायला हात धजत नाही.

मोरेश्वर माझा धाकटा भाऊ, कारखान्यात फिटर. हातात कसब आणि दारूचं जुनं व्यसन, दोन्ही आमच्या गोरखपूर मोहल्ल्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. थट्टेखोर इतका, की त्याच्यावर धड रागावताही येत नसे. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी त्याला हिपॅटायटिस बी या काविळीची लस सांगितली. पिणाऱ्याचं लिव्हर आधीच थकलेलं, त्यात ही कावीळ नको. सुया तीन : दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. पहिल्या दोन त्याने माझ्यासोबत येऊन घेतल्या. तेव्हा तो पीत नव्हता.

मग पुन्हा सुरू झालं. तिसरीची वेळ आली आणि मी माझं मास्तरीणपण चालवलं. "पंधरा दिवस कोरडे काढ, मग सुई. पिऊन घेतली तर लागू पडत नाही," असं ठोकून दिलं. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. कुत्रा चावल्यावर सुया घेताना दारू वर्ज्य, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेच इथे जोडलं. वाटलं, सुईच्या निमित्ताने तरी सुटेल.

मोरू खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "काहून घाई करून राहिली, ताई? अजून पंधरा नाही झाले," म्हणायचा आणि मान खाली घालायचा. दीड वर्ष असंच गेलं. मग डोळे पिवळे झाले. तीच कावीळ.

वॉर्डात मी डॉक्टरांना माझी अट सांगितली. ते म्हणाले, "दीदी, पीकर भी आते तो हम लगा देते. ऐसी कोई शर्त नहीं थी." पिणाऱ्यांत लस कमी लागू पडते, तिसरीने तो वाचलाच असता असं नाही, हेही त्यांनीच समजावलं. मला त्याचा आधार वाटत नाही. मी चुकले.

परवा त्याची खोली आवरायला गेले. दारामागे कॅलेंडर. न प्यायलेल्या दिवसांवर पेन्सिलीची फुली. चार फुल्या, मग कोरं. सहा, पुन्हा कोरं. नऊ. शेवटच्या पानावर ओळीने तेरा. चौदाव्या दिवशी घसरला असणार. तेराव्या फुलीपुढचे दोन चौकोन कोरे, आणि त्यानंतरच्या चौकोनात त्याने आधीच लिहून ठेवलं होतं : "ताईला घेऊन सुई."