सरलाकाकूंची गुलाबबोरं

दोन हजार चारच्या गणपतीत आमच्या क्लबहाऊसमध्ये जेवताना जो सामुदायिक खोकला झाला, त्याचं श्रेय माझं आहे. खोकले सगळे, पण खोकवलं मी.

झालं असं, की आमच्या बेलव्ह्यूच्या टाउनहाऊसांच्या मागं एक तळं आहे आणि तळ्याच्या काठानं रानगुलाबांची दाट रांग आहे. जूनमध्ये साधी गुलाबी फुलं येतात, आणि फुलं गेली की सप्टेंबरात तिथंच लालभडक, बोराएवढी फळं लटकतात. इथं त्यांना रोजहिप म्हणतात. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी असतं, असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. तेवढंच वाचलं होतं. पुढचं पान उघडायच्या आत मी टोपलीभर फळं तोडून आणली, हिरव्या मिरच्या, लसूण, दाण्यांचं कूट घातलं आणि पुण्याहून ट्रान्सफॉर्मरसकट आणलेल्या मिक्सरमध्ये फिरवून झकास लाल चटणी केली. फळाच्या पोटात बियांभोवती बारीक कुसळं असतात आणि ती घशात गेली की खाजकुइलीच्या सख्ख्या बहिणीसारखी वागतात, हे पुढच्या पानावर होतं.

पहिल्या पंगतीला समोरच्या घरातला राजेश खोकला, मग त्याची बायको, मग सगळी रांग. सर्वांत जास्त खोकला डग. डग म्हणजे आमच्या सोसायटीचा, इथल्या भाषेत एचओएचा, अध्यक्ष. शेजारधर्म म्हणून बोलावलेला हा सहा फुटी गृहस्थ चटणी चिप्सना लावून तीनदा घेऊन गेला होता. त्याच्या बायकोनं विषबाधेच्या फोन नंबरवर फोन लावला. तिकडच्या बाईनं पाणी प्या म्हणून सांगितलं आणि तासाभरात सगळं निवळलं. पण डगच्या मनातून काही ते निवळलं नाही. ऑक्टोबरच्या मीटिंगच्या विषयांत त्यानं एक कलम घातलं: तळ्याकाठची धोकादायक झुडपं मुळापासून काढणे.

इथं सरलाकाकू येतात.

सरलाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या नकुलच्या आई. मूळच्या नागपूरच्या. काका गेल्यावर नकुलनं त्यांना इकडं आणलं, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. काकू ठेंगण्या, चष्मा कपाळावर, साडीवर नकुलचं जुनं कंपनीचं जॅकेट आणि पायात पांढरे बूट. टीव्हीवर फक्त हवामानाचा चॅनल बघायच्या आणि अंदाज चुकला की त्या माणसाला नावानिशी बोलायच्या. रमीत पानं लपवायच्या. पकडलं तर म्हणायच्या, चष्मा वर होता.

त्यांना ही फळं दाखवली ती कोपऱ्यावरच्या इन्ग्रिडनं. इन्ग्रिड ऐंशीच्या पुढची, स्वीडनमधून आलेल्या आईबापांची मुलगी. तिची आई या फळांचं सूप करायची. एकीचं इंग्रजी नागपुरी, दुसरीला कानानं कमी. तरी दोघी पहिल्याच शरदात एका बादलीत फळं तोडत होत्या. काकूंनी त्यांचं नाव ठेवलं गुलाबबोरं. पहिल्या कडक थंडीनंतरच ती तोडायची, म्हणजे मऊ आणि गोड होतात. मग देठ-शेंडा काढून, अर्धी चिरून, छोट्या चमच्यानं बिया आणि कुसळं खरवडायची. सरबत करायचं तर स्टीलच्या पातेल्यात मंद शिजवून जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळायचं, फडकं दुमडून पुन्हा एकदा गाळायचं, आणि वर आल्याचा रस. उरलेल्या फोडी ओव्हनमध्ये अगदी मंद वाळवल्या की हिवाळाभर चहा. खोबरेल तेलात घालून टाचांच्या भेगांना सुद्धा. हिवाळ्यात कुणाचं पोर शिंकलं की त्याच्या आईचा फोन काकूंना यायचा.

काकूंचा विश्वास मात्र व्हिटॅमिन सीच्या फार पुढं गेलेला होता. सर्दी, केस, पित्त, नकुलचा तापट स्वभाव, सगळ्याला गुलाबबोरं. सून रुचा फार्मसिस्ट आहे. ती शांतपणे सांगायची, की सी भरपूर असतं हे खरं, काहींच्या दुखऱ्या गुडघ्यांना थोडा आराम पडतो असंही म्हणतात, पण डॉक्टरांनी दिलेली गुडघ्यांची गोळी थांबवायची नाही. काकू गोळी घ्यायच्या, आणि गुण मात्र बोरांच्या नावावर लिहायच्या.

कलमाची बातमी मीच त्यांना द्यायला गेलो. मी सोसायटीच्या कमिटीवर होतो. निवडणुकीच्या सभेला गैरहजर राहिलो म्हणून निवडून आलो होतो. मला वाटलं होतं, काकू चिडतील. त्या भाजी निवडत बसल्या होत्या, निवडतच राहिल्या. मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "या घरात सगळे मले लय जपतात रे बाबू. पोळ्या लाटू नका आई, धुणं उचलू नका आई. माझं म्हणून काय आहे इथं? सकाळी बादली घेऊन निघते ना, तेवढंच."

मग मान वर करून म्हणाल्या, "अन् तेही तू वाटून खाल्लं."

मीटिंगमध्ये मी बोलेन, एवढं बोललो.

आणि मी बोललो. फार तयारीनं बोललो. लॅपटॉप, प्रोजेक्टर, चोवीस स्लाइडी. महायुद्धात संत्री मिळेनात तेव्हा इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांनी ही फळं कशी गोळा केली, ते सांगितलं. व्हिटॅमिनचे तक्ते दाखवले. कुसळाचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला, त्यावर मागच्या रांगेत दोघं नुसत्या आठवणीनं खोकले. मग मी स्थानिक पक्ष्यांकडं वळलो. डग घड्याळाकडं बघत होता. एका बाईंनी विणकाम काढलं. मला वाटलं, मुद्दा पोचत नाहीये, म्हणून मी तोच मुद्दा सावकाश पुन्हा सांगायला घेतला.

तेवढ्यात माझ्या कोटाचं टोक कुणीतरी खाली ओढलं. काकू होत्या.

"बस ना बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या.

मी बसलो. काकू उठल्या, जॅकेटच्या खिशातून बाटली काढली आणि कागदी कप मांडले. बाटली मागच्या हिवाळ्यातली, फ्रीजरमध्ये जपून ठेवलेली शेवटची. पहिला कप त्यांनी स्वतः घेतला, दुसरा इन्ग्रिडच्या हातात दिला. दोघींनी सगळ्यांसमोर तो रिकामा केला. मग तिसरा कप डगसमोर ठेवून काकू म्हणाल्या,

"मिस्टर डग, धिस बॉय मेड राँग. आय मेक राइट. यू ड्रिंक."

डगनं कपाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. खोलीत सगळ्यांना त्याच्या घशाची काळजी. इन्ग्रिडनं, ऐकू कमी येतं म्हणून असेल, खणखणीत आवाजात विचारलं, की एवढा मोठा माणूस सरबताला घाबरतो काय. डग प्यायला. एक घोट, मग थांबून उरलेलं सगळं. खोकला नाही. त्याच्या बायकोनं कप पुढं केला. विणकामवाल्या बाईंनीही केला. बाटली संपली तेव्हा मागच्या रांगेतून एकानं, मिळालं नाही म्हणून, अधिकृत तक्रार नोंदवली.

मतदान झालं. डगनं तरीही तोडण्याच्या बाजूनं हात वर केला, कारण कलम त्याचंच होतं आणि माणूस शब्दाचा पक्का. पण ठराव एका मतानं पडला. घसरगुंडीजवळचा छोटा तुकडा तेवढा काढायचं ठरलं, पोरं काटे लावून घेतात म्हणून. तळ्याकाठची सगळी रांग राहिली. डगनं जाता जाता काकूंना विचारलं, की नवी बाटली केव्हा होईल. काकूंनी त्याला पहिल्या कडक थंडीसाठी हवामानाचा चॅनल बघत राहायला सांगितलं.

घरी जाताना अंधार पडला होता. तळ्याच्या काठानं आम्ही हळूहळू चाललो होतो. काकूंचा हात माझ्या दंडाला, दुसऱ्या हातात रिकामी बाटली. झुडपांपाशी त्या थांबल्या, एक फांदी वाकवून दोन फळं दाबून पाहिली आणि अजून टणक आहेत म्हणून सोडून दिली. त्यांचं चित्त प्रसन्न दिसत होतं. मला वाटलं, हीच वेळ आहे. चोवीस स्लाइडी करायला दोन शनिवार गेले होते, बायकोही बोलत नव्हती. मी आडून आडून विचारलं, की काकू, माझ्या भाषणाचाही थोडाफार उपयोग झालाच असेल, नाही का?

"झाला ना," काकू म्हणाल्या. "तू खाली बसला तेव्हा."