बोटीवरचा दुसरा माणूस

भोरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सौदामिनीबाईंना शिडाची बोट चालवता येते, हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नसे. समुद्र वरंधा घाटाच्या पलीकडे, आणि बाई तर घाटही क्वचित उतरलेल्या. पण पुण्यात शिकताना त्या एन.सी.सी.च्या नौदल विभागात होत्या. खडकवासल्याच्या पाण्यावर त्यांनी लहान बोटी पळवल्या होत्या. वाऱ्यानं बोट एका अंगावर कलते, दोराचा ताण तळहातात उतरतो, ते एकदा अनुभवलं की विसरता येत नाही. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, सासूबाईंचं लांबलेलं दुखणं आलं. पन्नाशी दिसू लागली तेव्हा बाईंनी मनाशी पक्कं केलं, की एकदा ग्रीसला जायचं, शिडाची बोट भाड्यानं घ्यायची आणि ती आपण स्वतः चालवायची.

इथपर्यंत सोपं होतं. पुढं जे सुरू झालं त्यानं त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

एन.सी.सी.चं प्रमाणपत्र बोटवाल्या कंपनीनं बाजूला सारलं. त्यांना चालणारा परवाना हवा होता. बाईंनी दिवाळीची सुट्टी मुंबईच्या खाऱ्या पाण्यावर घालवली, विशीतल्या पोरांबरोबर परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. मग कळलं, बोटीवरचा रेडिओ वापरायला वेगळा दाखला लागतो. तोही काढला. व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हॉटेलचं बुकिंग?"

"आम्ही बोटीवर राहणार."

"हो, पण झोपणार कुठे?"

"बोटीवर!"

"म्हणजे क्रूझ का?"

बाईंनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

हे सगळं पार पडलं आणि कंपनीचा फोन आला. त्यांच्याकडच्या नियमानं बोटीवर एकट्या कॅप्टनला सोडत नाहीत. हाताखाली बोटीचं काम येणारा दुसरा माणूस लागतो, आणि त्यानं तसं सही करून द्यावं लागतं. बाई म्हणाल्या, माझे पती आहेत की.

पती म्हणजे ॲडव्होकेट दीनानाथ. भोरच्या कोर्टात त्यांची वकिली. पाण्याशी संबंध आंघोळीपुरता.

"एवढीशी ओळ आहे," बाईंनी कागद पुढं केला. "सही करा."

दीनानाथांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "बोटीवरच्या कामाचा मला अनुभव आहे. आहे का मला?"

"अहो, सगळे करतात सही."

"सगळे करतात, हे मी रोज पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडून ऐकतो. खोटं लिहून देणार नाही मी."

बाईंचा संताप संताप झाला. एवढी वर्षं या माणसाच्या अशिलांना चहा करून घातला, त्याच्या आईचं सगळं केलं, आणि एका सहीला हा नाही म्हणतो! त्या गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे ओढून काढू लागल्या. त्यातही जास्त राग याचा होता की नवरा बरोबर बोलत होता.

खाली येऊन त्या म्हणाल्या, "मग शिका."

"शिकव," दीनानाथ म्हणाले.

भोरजवळच्या हिर्डोशीला कोंडिबा नावाचे गृहस्थ धरणाच्या पाण्यात मासे धरत. त्यांची नात बाईंच्या वर्गात होती. पुढच्या रविवारी नवरा-बायको गाडीत दोर, लाईफ जॅकेट आणि निळी ताडपत्री टाकून तिकडं गेले. बाईंनी ताडपत्रीचं शीड करायचं म्हटल्यावर कोंडिबांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

"बाई, हितं शीड कशापायी? वारा कवा हिकडनं येतो, कवा तिकडनं. डोंगरातला वारा हाय, त्याचा काय नेम न्हाई."

"मला वाऱ्याशी नाही, ह्यांच्याशी काम आहे," बाई म्हणाल्या.

"व्हय का?" कोंडिबांनी वकिलांकडं नीट पाहिलं. "मग अवघड हाय."

काठावर कोंडिबांच्या मंडळी, बाळाबाई, पदर तोंडाला लावून हसत होत्या.

त्या हिवाळ्यातले रविवार असे गेले. दीनानाथ बोटीत बसत, उठत, पुन्हा बसत. ताण येईल तशी पक्की बसणारी आणि हवी तेव्हा सुटणारी गाठ त्यांना घरी पलंगाच्या पायाला बरोबर जमे. बोट हलली की बोटं थिजत. दोर फेकला की तो स्वतःच्याच पायात. शिवाय प्रत्येक हुकमावर उलटतपासणी.

"दोर सोडा!"

"सोडा म्हणजे पूर्ण सोडू, की ढिला करू?"

"अहो, ढिला! लवकर!"

"मग सोडा का म्हणालीस?"

असं बोलणं चाललं असतानाच एकदा वारा फिरला, शिडाचा बांबू आडवा आला आणि वकीलसाहेब कोटासकट पाण्यात गेले. कोंडिबांनी त्यांना काखेत हात घालून वर ओढलं. बाई मात्र बोटीतच बसून होत्या, कपाळाला हात लावून. आपल्या वर्गात असा विद्यार्थी असता तर मी त्याला विषय बदलायला सांगितला असता, असं त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या. दीनानाथ शिंकले.

पण रविवारी सकाळी गाडीची किल्ली घेऊन तेच आधी दारात उभे असत, हेही खरं. उन्हाळा लागता लागता त्यांनी एकदा न विचारता नांगर टाकला, बोट ठरल्या जागी थांबवली, आणि घरी येऊन कागद मागितला. 'अनुभव' या शब्दाआधी त्यांनी 'थोडा' असा शब्द स्वतःच्या हातानं घातला आणि सही ठोकली. कंपनीनं तो तसाच मान्य केला. बाईंनी चार महिने उगाच जीव जाळला होता.

ग्रीसच्या बंदरात उतरल्यावर वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय! बोट ताब्यात देणारा तरणा माणूस हसतमुख होता, पण जे सांगायचं ते दीनानाथांकडं बघून सांगत होता. बूट काढून वर चढायचं. संडासात कागद टाकायचा नाही, नळी तुंबते. आधीच्या ओरखड्यांचे आत्ताच फोटो काढून ठेवा. एवढी कडक सुटकेस बोटीत मावत नाही, कपडे मऊ पिशवीत आणायचे असतात. "समजलं ना, कॅप्टन?"

"कॅप्टन ह्या," दीनानाथ तिसऱ्यांदा म्हणाले.

"हो हो," म्हणत त्यानं इंजिनाची किल्ली त्यांच्याच हातात दिली.

बाईंनी ती नवऱ्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली. आणि मग वारा चढला. इतका, की बंदराच्या अधिकाऱ्यांनी बोटी सोडायलाच मनाई केली. आठवडाभराच्या मुक्कामातले पहिले दोन दिवस धक्क्याला बांधलेल्या बोटीवर गेले. दीनानाथ बाजार बघून आले, अंजीर घेऊन आले. बाई डोलकाठीवरच्या झेंड्याकडं बघत बसल्या. हिर्डोशीला वारा धड येत नव्हता, इथं धड थांबत नव्हता.

तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. बंदराबाहेर येऊन बाईंनी इंजिन बंद केलं, शीड उभारलं, आणि बोट कलली. तेवढा तासभर त्या कुणावरही चिडल्या नाहीत. दीनानाथ मात्र कठड्यावरून वाकून ओकत होते, आणि मधेच पालथ्या हातानं तोंड पुसून सांगितलेला दोर ओढत होते.

संध्याकाळी पुढच्या बेटावर बोट लावायची वेळ आली. तिथली रीत अशी, की आधी पुढचा नांगर टाकायचा आणि बोट मागं मागं घेत धक्क्याला पाठ लावायची. बाजूनं वारा ढकलत होता. दीनानाथ पुढच्या टोकाला नांगरापाशी होते. "सोडा!" बाई मागं सुकाणूवरून ओरडल्या. साखळी फार लवकर सुटली. दुसऱ्या खेपेला उशिरा. तिसऱ्या खेपेला नांगर शेजारच्या बोटीच्या साखळीत अडकला आणि त्या बोटीवरचा उघडा माणूस कुठल्याशा भाषेत हातवारे करत किंचाळू लागला. धक्क्यावरच्या खानावळीतली माणसं जेवायची थांबून बघत होती. साखळी सोडवून, मान खाली घालून बाई बोट बाहेर घेऊन गेल्या आणि मोकळ्या खाडीत थांबल्या.

"मला काही येत नाही," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. "भोरमध्ये बसून उगाच हौस."

दीनानाथ घोटभर पाणी प्यायले. "मला 'सोडा' ऐकू येत नाही, वारा फार असतो. तू हात वर कर. हात खाली आला की मी सोडतो."

"आणि तुमची ओकारी?"

"ती चालू राहील."

दुसऱ्या दिवशी एका लहानशा बंदरात त्यांनी तसं केलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा बाईंचा हात खाली आला, साखळी खडखडत गेली, बोट मागं सरकली आणि धक्क्याला जरा जोरातच टेकली. मागं हातभर ओरखडा उमटला. दीनानाथांनी धक्क्यावर उडी मारून दोर बांधला आणि तिथंच फरशीवर बसून राहिले.

बाईंनी इंजिन बंद केलं. इतक्यात रेडिओवर खरखर झाली. उद्यापासून पुन्हा जोराचा वारा, बोटी सोडायला मनाई.

"काय म्हणतायत?" दीनानाथांनी विचारलं.

"मेले म्हणतायत, बसा इथंच," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी धक्क्यावर जाऊन बसल्या.