फोन हेल्कालाच लागतो

हेल्का तुरुनेन चिडली की नुर्मेस गावातल्या दुकानातली माणसं पावाच्या फळीमागे सरकतात. आणि हल्ली ती रोजच चिडलेली असते. तिला नावं ठेवू नका. आयुष्यभर वेबसाइटी बांधून पोट भरलेली बाई. जे जे शिकली ते आपल्या एका पानावर फुकट टाकत आली. मेनू मोबाइलवर कसा बसवायचा, फोटो हलके कसे करायचे, आणि खाली तयार कोड. घ्या, उचला, वापरा. लोकांनी उचलला, वाचला मात्र कुणीच नाही.

त्यात एक कोड होता बटणाचा. दाबलं की थेट फोन लागतो. चालतं का ते पाहायला खरा नंबर लागतोच, म्हणून नमुन्यात तिने स्वतःचा घातला आणि वर ठळक लिहिलं, इथे तुमचा नंबर घाला. लोकांनी बटणाचा रंग बदलला, त्यावर दिसणारे आकडे बदलले, पण आतला नंबर तसाच ठेवला. मग काय, कुणाचं धुराडं तुंबलं की फोन हेल्काला, कुणाला केस कापायचे की फोन हेल्काला. पानावरचा नंबर तिने केव्हाच काढला होता; पण आधीच कोड उचललेल्यांच्या साइटींवर तो ठाण मांडून बसला होता.

"नंबर बदल ना," बहीण म्हणाली.

"मी बदलू? माती यांनी खायची आणि चूळ मी भरायची?"

सर्वांत जास्त फोन टॅक्सीचे. हेल्का तावातावाने टॅक्सीच्या ऑफिसात गेली. तिथला कारभारी एस्को शाळेपासूनचा ओळखीचा.

"आमची साइट उत्तम चालते गं," तो म्हणाला. "आजवर एकाची तक्रार नाही."

"कशी येईल तक्रार? तीसुद्धा माझ्याकडेच येते!"

"पण बटणावर नंबर आमचाच दिसतोय की."

"दिसतोय रे! लागतो मला!"

"साइट करणारा सुट्टीवर आहे. आला की बघू. कॉफी घेतेस?"

हेल्का कॉफीला हात न लावता उठली. एस्कोच्या मनाला लागलं ते एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पुन्हा फोन वाजला.

"टॅक्सी का? मी ताइस्तो कुइत्तिनेन. काल फोन केला तर एक बाई खेकसली आणि ठेवूनच दिला. आज योएन्सूच्या इस्पितळात डोळ्याचं ऑपरेशन आहे हो माझं."

खेकसली होती ती हेल्काच.

"अहो, बटण दाबू नका. त्यावरचे आकडे वाचून फोन लावा."

"आकडे दिसत असते तर डोळा कशाला कापून घेतला असता?"

तिने स्वतः टॅक्सीच्या खऱ्या नंबरावर फोन केला. सगळ्या गाड्या बाहेर गेलेल्या. काल सांगायला हवं होतं म्हणे. आजची वेळ चुकली की ताइस्तो पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि नंबर येईपर्यंत उरलीसुरली नजरही गेलेली. हेल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातली एस्कोसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे तिला ठरवता येईना. आपल्याच गाडीच्या काचेवरचा बर्फ तिने असा खरवडला की हातातली खरवडणी मोडली.

ताइस्तोला घरून उचलून ती निघाली. वाटेत तो म्हणाला, "गाडी झकास आहे. पण फोनवरच्या त्या बाईला जरा वळण लावा."

"मीच ती."

हेल्काने त्याला बटणाची सगळी रामकहाणी ऐकवली, एस्कोच्या नावाने बोटं मोडली. म्हातारा "हं" म्हणाला. ऑपरेशन झालं, संध्याकाळी तिनेच त्याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन वाजायला लागला. हेल्काने तो न उचलता तसाच बरोबर घेतला, गाडीत बसली आणि एस्कोच्या टेबलावर नेऊन आदळला. वाजून वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

"उचल."

"अगं, फोन तुझा."

"गिऱ्हाईक तुझं. उचल म्हणते ना!"

एस्कोने उचलला. "टॅक्सी ऑफिस, बोला."

पलीकडची बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की सगळं खोलीभर ऐकू येत होतं. ताइस्तोची शेजारीण होती, हिल्या.

"छापील नंबर लावला की गाडी नाही म्हणतात. ताइस्तो म्हणाला, बटणच दाब. ती बाई ओरडते, पण येते."

"मी पाठवतो ना गाडी."

"तुम्ही नको. तिला द्या."

एस्को कानापर्यंत लाल झाला. मान खाली घालून त्याने फोन पुढे केला.

"हेल्का, तुझ्यासाठी आहे."

हेल्काने तो हिसकावून घेतला. "किती वाजता?" ती गरजली.

"हां," पलीकडून समाधानाचा आवाज आला, "हीच ती."