पाच फळांचं पंच

दसरा झाल्यावर ताराबाई पार्कातल्या केतकीवैनींच्या घरी भिशीच्या बायका जमल्या. वैनींनी पंच नावाचं पेय करायला सांगितलं, तर स्वयंपाकाला येणाऱ्या पारूबाईला वाटलं पंचामृतासारखं काहीतरी असंल. तिनं मोजून पाच फळं चिरली. वरचा लाल रस वैनींनीच ओतला.

"चव बघा मावशी, सरबत आहे."

पारूबाईनं पेलाभर पिऊन सांगितलं, "साखर कमी हाय."

बायका खिदळल्या. "मावशी, वाईन प्यायलात तुम्ही."

पंचशील घेतल्यापासून पारूबाई दारूला शिवली नव्हती. नवरा पिऊन आला की ती आतून कडी घालायची. एका पहाटे तो पायरीवरच मरून पडलेला सापडला.

संध्याकाळी सुनेनं दार उघडलं, तर पारूबाई त्याच पायरीवर बसलेली.

"माझ्या तोंडाला वास येतोय," ती म्हणाली. "कडी घाल."