टेस्टिंगला लावलेला टीव्ही

परवा गॅरेजात कुणीतरी वायरला सोल्डरिंगचा डाग देत होतं आणि कथील-राळेचा तो धूर नाकात जाताच मला तुळजापुरातलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आठवलं. आमचा टीव्ही तिथं पडून होता. अणदूरहून एसटीनं खेटे घालून आई आणि मी वैतागलो होतो, कारण दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "टेस्टिंगला लावलाय." एका बाजारच्या दिवशी गेलो तर दुकानासमोर ही गर्दी! टीव्ही आमचा, त्यावर मॅच चालू, आणि लोक पिशव्या मांडीवर घेऊन शेंगा फोडत बसलेले. आई कडाडली, "आमचा टीव्ही हाय का गावची चावडी?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाभी, तापल्यावरच चित्र जातंय त्याचं. घरी नेऊन बंद पडला तर मलाच बोलताल." आईनं वायर उपटायला हात घातला तशी मागून ओरड झाली, "मावशी, एवढी ओव्हर होऊ द्या!" ती धुसफुसत उभी राहिली. टीव्ही मिळाला तो थेट पुढच्या बाजारी. नंतर मात्र कधी बिघडला नाही. आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. आमचा नवा टीव्ही गेल्या आठवड्यात काळा पडला. कंपनीचा माणूस आला, मागच्या स्टिकरचा फोटो काढला आणि म्हणाला, "पार्ट येत न्हाय, नवीनच घ्या." तो गेल्यावर आई खाटेवरून चिडून म्हणाली, "ह्यानं पाठ तरी खोलली का? त्यो टेस्टिंगवाला निदान ठिवून तरी घ्यायचा!"