अमेरिकेच्या बोटीवरची एक जागा

बोट अजून गोदीतच उभी आहे, पण तिच्या गोष्टी मांडव्यापासून चौलपर्यंत कधीच फिरून आल्यात! आमच्याकडे माणूस बोटीवर निघाला की त्याचं सामान बांधायला चार हात आणि त्याच्या गोष्टी सांगायला चाळीस तोंडं. एकीला शेपूट फुटतं, दुसरीला शिंगं. म्हणून म्हटलं, परवा बोट सुटायच्या आधी खऱ्या काय त्या आपणच सांगून टाकाव्या. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत बसून दुसरं काम तरी काय? म्हादू भरदुपारी घोरतोय. हा माझा चुलत भाऊ. बोटीच्या पोटात बॉयलरला कोळसा घालणारा आगवाला म्हणून भरती झालाय, आणि आत्तापासूनच भट्टीसारखा आवाज काढतोय.

ही बोट आधी विलायतेला जाणार. तिथे साहेबलोक चढणार, आणि मग अटलांटिक ओलांडून थेट अमेरिका. आमचा सारंग दाऊदचाचा मुरुडकडचा. खलाशी गोळा करायचे आणि बोटीवर त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, हे त्याचं काम. अर्धा जन्म पाण्यावर गेला, पण अटलांटिक त्यानंही पाहिलेला नाही. तरी छातीठोक सांगतो, "अरे, पाणी ते पाणी! वर चढतं, खाली उतरतं. तिसरं काय करणार?"

*

दाऊदचाचा पौषात आमच्याकडे आला तो दुखवट्याला. माझा मोठा भाऊ, विठूदादा, पाच दिवसांच्या तापात गेला. दादा त्याच्या हाताखाली चार वर्षं खलाशी होता, आणि ह्या बोटीवर त्याची जागा धरून ठेवलेली होती.

ओटीवर सगळे बसलेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हादूच्या आईनं, आमच्या काकीनं, चाचाला विचारलं, "ते बोटीवरचे साहेब तिकडं मासे धराय जातात?"

"नाही, वैनी."

"मग माल न्यायला?"

"माल नाही. नुसते जातात, चार दिवस राहतात आणि परत येतात. मौज म्हणून."

काकीनं खूप विचार केला. मग माझ्या आयेकडे वळून हळूच म्हणाली, "घरात भांडणं असतील!"

मला हसू फुटलं. आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "चाचा, दादाच्या जागेवर मी येतो!"

आयेनं मान वर केली. "मेलेल्याच्या जागेवर जिता माणूस बसवत न्हाईत," म्हणाली, आणि आत गेली.

दाऊदचाचा उठता उठता मला म्हणाला, "सदू, तुझी हिंमत मला मंजूर. पण माझाही एक कायदा आहे. आई स्वतःच्या हातानं पोराचा हात माझ्या हातात देते, तेव्हाच मी त्याला पाण्यावर नेतो. तुझ्या दादालाही तसाच नेला होता. आईला विचार."

आता आयेला काय विचारणार? पण मी मनात म्हटलं, मी जाणारच. तयारीला लागलो.

*

दाऊदचाचा मला पारखायला परत आला. "बोटीच्या डोलकाठीवर चढावं लागतं. चढतोस?"

मला हसूच आलं. आम्ही भंडारी! चालायला नंतर शिकतो, माडावर आधी चढतो. आमच्या वाडीतला सगळ्यात उंच माड दाखवला आणि म्हटलं, "डोळे मिटा, चाचा." त्यानं मिटले. उघडले तेव्हा मी झावळ्यांत!

चाचा खूष. "शाब्बास! उतर आता!"

मी सरसर उतरलो आणि ऐटीत त्याच्यासमोर उभा राहिलो. चाचानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चढलास झकास. उतरलास झकास. पण कप्तानासमोर डोलकाठीवरून उतरशील, तेव्हा रिकाम्या हातानं उतरायला शीक!"

मी खाली बघितलं. माझ्या दोन्ही हातांत शहाळी होती. कधी तोडली, देवाशप्पथ, मला कळलं नव्हतं!

*

चाचानं सांगितलं होतं की तिकडं थंडी भयंकर. इतकी, की हिवाळ्यात आपल्या खलाशांना त्या पाण्यात न्यायला सरकारची बंदी आहे. शिमगा सरला की मगच बोलावणं येतं. आणि तरीसुद्धा समुद्रात बर्फाचे डोंगर तरंगत असतात म्हणे!

म्हादू म्हणाला, "सवय करायला पायजे."

मी म्हटलं, "तू बॉयलरपाशी. तुला कसली थंडी?"

"वर आलो की लागंल ना!"

मग पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेऊन झालं, ओला पंचा गुंडाळून वाळूत बसून झालं. म्हादूचं समाधान होईना. शेवटी आम्ही अलिबागला गेलो. तिथे एका शेठचं सोडा-सरबताचं दुकान आहे. मागच्या बाजूला भुशात बर्फाची लादी ठेवलेली असते. शेठ गिऱ्हाइकाशी बोलतोय तोवर म्हादूनं भुसा बाजूला सारला आणि बसला लादीवर! डोळे मिटलेले, मांडी घातलेली, थेट ऋषी.

शेठ वळला आणि किंचाळला, "अरे भाय, ऊठ! ऊठ! ह्याचा शरबत आता कोन पीनार?"

म्हादू डोळे न उघडता म्हणतो, "शेठ, ओरडू नका. मी अमेरिकेला पोचलोय!"

*

कोटाची गोष्ट मला सांगायची नव्हती. पण म्हादू ती सगळीकडे सांगतो, आणि वाढवून सांगतो.

दादानं ह्या बोटीसाठी जाड लोकरीचं कापड आणून आमच्या रघू शिंप्याकडे टाकलं होतं. कोट कापून झाला होता, शिवायचा राहिला होता. मी माझा कोट शिवायला टाकायला गेलो तर रघू म्हणाला, "नवीन कशाला? विठूचाच शिवून देतो. तो काय आता घालणार हाय?"

पुढचं मला नीट आठवत नाही. रघू खाली पडला होता आणि त्याच्या नाकातून रक्त येत होतं. म्हादू मला मागून धरून होता.

कापलेलं कापड घेऊन मी घरी आलो. आयेनं ते काही न विचारता पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रघू स्वतःच दारात उभा! नाकावर पट्टी. "चुकलं माझं. तुझं माप घेतो. पण हात मागं बांध!" मी खरंच हात मागे बांधले. तरी त्याचा भरवसा बसेना. त्यानं फीत काठीच्या टोकाला बांधली आणि चार हात लांबून, अंगणातूनच माझं माप घेतलं!

माझ्या नव्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा वीतभर लांब आहे ती ह्यामुळे. मारामारीत उजवी फाटली वगैरे म्हादू सांगतो ते साफ खोटं!

*

आये काही हो म्हणेना. मी मास्तरांना मध्ये घातलं. हेच ते मास्तर, ज्यांच्या छडीला भिऊन मी दुसरीत असताना त्यांच्याच दारच्या माडावर चढून बसलो, आणि खाली उतरलो तो शाळेत कधी न जाण्यासाठी. पण माणूस मनाचा मोठा. जगाचा नकाशा काखेत मारून घरी आले.

जमिनीवर नकाशा पसरला. मास्तर समजावू लागले. "हे बघा, ही मुंबई. हा सुएझचा कालवा. ही विलायत. आणि हा अटलांटिक. आहे काय त्यात? चार बोटं!"

आये वाकून बघत होती. "आपलं गाव कुठं हाय?"

"आपलं गाव लहान आहे. ह्यात नाही दाखवलेलं."

"अलिबाग?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तेही... नाही."

आये उठली, पदर खोचला. "मास्तर, ज्या कागदाला आमचं घर ठाव न्हाय, त्याच्या भरवशावर मी पोर धाडू? तो परत यायचा कुठं?"

मास्तर नकाशा गुंडाळून जे गेले, ते जाताना मला एवढंच म्हणाले, "ही बाई शाळेत असती तर मी सरकारकडे बदली मागितली असती!"

*

गंमत अशी, की नाही नाही म्हणत आये रोज काहीतरी वाळवत होती. सुकट, आमसुलं, पापड. विचारलं की म्हणायची, "म्हादूसाठी." म्हादूची आईही म्हादूसाठीच वाळवत होती. म्हादू म्हणाला, "एवढं खाल्लं तर बोट माझ्यामुळं बुडायची!"

एकदा दाऊदचाचा जाता जाता टेकला. अंगणात सुकट पसरलेली बघून त्याला गोष्ट आठवली. एका बोटीवर पोरांनी भट्टीवर सुकट भाजली. वास वर डेकवर गेला. बडा साहेब नाक धरून खाली धावत आला, प्रत्येक खाटेखाली वाकून बघू लागला. चाचानं विचारलं, "साहेब, काय शोधता?" साहेब म्हणाला, "कोण मेलंय? लपवू नका! कोण मेलंय?"

चाचा बोलून बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण कोणाच्या अंगणात बसलोय. त्याचं तोंड पडलं. म्हादू जमिनीकडे बघायला लागला. मला तर उठून पळावंसं वाटलं.

तेवढ्यात आये फस्सकन हसली! पौषापासून पहिल्यांदा.

"धगधगत्या आगीवर टाकली असंल मेल्यांनी," म्हणाली. "सुकट निखाऱ्यावर भाजायची असती. विठूला मी शिकवलं होतं. तो नव्हता वाटतं त्या बोटीवर?"

"नव्हता, वैनी," चाचा म्हणाला.

"तरीच!"

*

शिमगा झाला आणि मुंबईला यायचा दिवस ठरला. मी ट्रंक भरली. आयेचं काहीच नाही, ना हो, ना नाही. निघायच्या सकाळी बघतो तर ती नवं लुगडं नेसून दारात उभी. "मी पण येते मुंबईला. बोट बघते. मग बोलते."

मांडव्याहून मचव्यात बसलो. धक्क्यावर उतरून गोदीत गेलो. बोट बघितली. केवढी! आयेनं एकदा मान वर केली, एकदा खाली केली. आणि आमच्या मागोमाग चालू लागली.

भरतीच्या ऑफिसात सगळ्यात आधी हात तपासतात. कंपाउंडर आत बसलेला असतो. लाकडी फळीला कमरेएवढ्या उंचीवर एक झरोका. त्यातून दोन्ही हात आत घालायचे. खरूज आहे का, घट्टे आहेत का, पकड कशी आहे, एवढं बघतो आणि मनगटावर निळा शिक्का मारतो. बाहेर कोण उभा आहे हे त्याला दिसतही नाही. शिक्का मिळाला तो पास, पुढे डॉक्टरकडे जायचं.

म्हादू पुढे, मागे मी. आये माझ्या मागे. मला वाटलं, सोबत म्हणून उभी आहे. म्हादूला शिक्का मिळाला. मला आतून आवाज आला, "नखं काप रे!" आणि शिक्का मिळाला. मी बाजूला झालो, आणि आयेनं पुढे होऊन दोन्ही हात झरोक्यात घातले!

दाऊदचाचा धावला. "वैनी! अहो, ही खलाशांची रांग!"

"रांग हाताची हाय ना? मला हात हायत."

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आयेच्या हातात बांगडी नाही. बारा वर्षं त्या हातांनी काथ्या वळलाय, विहिरीचं पाणी ओढलंय, भात कांडलंय. कंपाउंडरला आतून काय कळणार?

"पकड बघू. माझा अंगठा धर. घट्ट!"

आयेनं धरला. आणि मग आतून ओरडा, "अरे, सोड! सोड! मोडशील!"

धाडकन शिक्का पडला. कंपाउंडर फळीमागून ओरडला, "सारंग! ह्याला म्हणतात खलाशाचा हात! असे दहा आण, बाकीचे परत ने!"

सगळी रांग पोट धरून हसायला लागली. म्हादू तर ट्रंकेवर आडवा झाला. आये हसली नाही. तिनं मनगटावर फुंकर घालून शाई वाळवली. मग माझा हात धरला, ओढत दाऊदचाचासमोर नेला आणि त्याच्या हातात दिला.

"विठूची जागा मी कुणाला दिली न्हाय, चाचा. ती त्याचीच. ही माझी हाय, आत्ताच मिळाली. माझ्या जागेवर न्या ह्याला."